अमेरिकेत महाभियोग चालवून आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला का काढता आलं नाही?

कारण सगळं सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, अडतं. प्रतिनिधीगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, साध्या बहुमताने आरोप ठेवता येतात, पण दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. स्वतःच्या पक्षाचे लोक फुटल्याशिवाय ती सहसा जमत नाहीत.

सगळ्यात थोडक्यात वाचला तो अँड्र्यू जॉन्सन. सिनेटला न जुमानता त्याने युद्धमंत्री स्टँटनला काढलं, हे निमित्त झालं. खरं भांडण यादवी युद्धानंतर दक्षिणेकडच्या राज्यांचं काय करायचं यावरून होतं. 16 मे 1868 ला मतदान झालं: ‘दोषी’ 35, ‘निर्दोष’ 19. हवी होती 36. सात रिपब्लिकन सिनेटरांनी पक्षाविरुद्ध जाऊन ‘निर्दोष’ म्हणून मत दिलं. गंमत म्हणजे जॉन्सन गेला असता तर ज्याला खुर्ची मिळाली असती, त्या बेंजामिन वेडने स्वतः ‘दोषी’ म्हणून मत दिलं!

क्लिंटन 1999 मध्ये सुटले, तेव्हा साधं बहुमतही विरोधात नव्हतं. ट्रम्प दोनदा सुटले. 2021 मध्ये 57 जण विरोधात होते, लागत होते 67.

निक्सनचं नाव लोक उगाच या यादीत घालतात. प्रतिनिधीगृहात मतदान होण्याआधीच, ऑगस्ट 1974 मध्ये, त्यांनी राजीनामा दिला होता.