फिश टँक घरी बनवावा की तयार घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे की फ्लॅटच्या हॉलमध्ये दोन कॉलमच्या मध्ये साडेतीन फुटांची जागा मोकळी आहे, दुकानातली तीन फुटी टाकी ठेवली तर बाजूला फट राहते, चार फुटी बसत नाही, आणि दुकानातली किंमत ऐकून वाटतंय की काच आणून स्वतःच चिकटवली तर स्वस्तात होईल, तर बनवावी का.

पैसे वाचवायला म्हणून बनवत असाल तर नको. जागेच्या मापाची पाहिजे म्हणून बनवत असाल तर बिनधास्त बनवा. मी कोल्हापुरातच राहतो, आजवर घरी चार टाक्या केल्यात, त्यातल्या तीन अजून चालू आहेत. दोन फुटांपर्यंतची टाकी दुकानदार ज्या भावात देतो त्या भावात आपली होतच नाही, कारण तो अख्खी शीट घेऊन कापतो आणि आपण तुकडा घेतो, वर पॉलिश, सिलिकॉन, रिक्षाभाडं. तुमच्यासारखं आडमापाचं काम असलं की मग दुकानदार पण ऑर्डरचे पैसे वेगळे लावतो, तिथं घरी करायला अर्थ आहे.

आधी काचेची जाडी ठरवा. पाण्याचा दाब लांबीवर नाही तर उंचीवर असतो. लांबी वाढली की काच मध्ये वाकते एवढंच, पण खालच्या जोडावर जोर येतो तो उंचीमुळं. साडेतीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच धरलं तर साधारण 185 लिटर पाणी बसतंय. याला मी 10 एमएम घेईन, 8 एमएम मध्ये पण लोक करतात पण मग वरनं आडव्या पट्ट्या द्यायलाच लागतात. टफन काचेच्या नादाला लागू नका, ती नंतर कापता येत नाही, साधी फ्लोट काच पुरते. कडा मात्र घासून पॉलिश करूनच घ्या, नाहीतर पुढं साफ करताना हात कापतो.

माप देताना सगळ्यात जास्त चूक होते ती बाजूच्या काचांत. तळाची काच पूर्ण मापाची, पुढची मागची पूर्ण लांबीची, आणि बाजूच्या दोन त्यांच्या मध्ये बसतात. म्हणजे रुंदी सव्वा फूट, 381 एमएम, त्यातनं दोन काचांचे 20 गेले, राहिले 361, आणि दोन्हीकडं सिलिकॉनला एक एक एमएम, म्हणून काचवाल्याला 359 सांगायचं. कागदावर चित्र काढून न्या, तोंडी सांगू नका. काच घेताना दुकानातच गुण्या लावून कोपरे बघा, तिरकी कापली असेल तर तिथंच परत द्या, घरी आणल्यावर कोण ऐकत नाही.

आता सिलिकॉन, आणि इथं माझं चुकलंय ते सविस्तर सांगतो. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं पारदर्शक सिलिकॉन घ्यायचं, बाथरूम किचनसाठी बुरशी न येणारं म्हणून मिळतं ते अजिबात नाही, त्यात औषध असतं आणि मासे मरतात. काचेच्या कडा असिटोननं पुसून घ्या, त्यानंतर बोट लावू नका. मास्किंग टेप लावा, सिलिकॉन एका दमात ओढा, पाच मिनिटांच्या आत बोटानं सारखं करून टेप काढा. मग किमान एक आठवडा हात लावायचा नाही. वरनं दुसऱ्या दिवशीच घट्ट झाल्यासारखं दिसतं पण 10 एमएमच्या जोडात आतनं ओलं असतंय.

तर माझी दुसरी टाकी, अडीच फुटी. पाणी भरून बघितलं तर मागच्या कोपऱ्यातनं थेंब यायला लागला. मी पाणी काढलं, वाळवलं, आणि जुन्या सिलिकॉनवरच नवीन सिलिकॉन मारलं. चार दिवस कोरडं राहिलं म्हणून मासे सोडले. पंधरा दिवसांनी पहाटे आईनं हाक मारली, अरं ही फरशी ओली कशानं झालीया. बघतो तर स्टँडवरचं प्लायवूड पाणी पिऊन फुगलेलं आणि टाकी एका बाजूला कललेली. अंधारातच मासे बादलीत काढले, एअर पंप सोडला, तरी दोन एंजल मासे सकाळपर्यंत गेले. ते मला अजून लागून राहिलंय, म्हणून कोणी विचारलं की हे आधी सांगतो. वाळलेल्या सिलिकॉनला नवीन सिलिकॉन धरत नाही. गळती निघाली तर ब्लेडनं त्या बाजूचं सगळं खरवडून, पुसून, परत पहिल्यापासून. आणि टाकी पहिल्यांदा गच्चीवर सपाट जागेवर भरून तीन दिवस तशीच ठेवायची, खाली कोरडा पेपर पसरून, थेंब पडला की लगेच कळतंय.

वजनाचं पण बघा. 185 किलो पाणी, काच चाळीसच्या पुढं, वाळू, दगड, स्टँड धरून अडीचशेच्या वर जातं. तुमची जागा दोन कॉलमच्या मध्ये आहे म्हणजे वर खाली बीम असणार, ते चांगलंच आहे. जुन्या माडीच्या घरात लाकडी तक्तपोशीवर मी कधीच ठेवू देणार नाही. स्टँड उद्यमनगरात एखाद्या वेल्डिंगवाल्याकडनं अँगलचा करून घ्या, त्यांना हे काम नवीन नाही, फक्त वरची फ्रेम एका पातळीत पाहिजे एवढं दोनदा सांगा आणि स्वतः पाणसळ ठेवून बघा. वर प्लायवूड, त्यावर थर्माकोलची शीट, मग टाकी.

टाकी झाली म्हणजे काम झालं असं धरू नका, कारण खरं काम पाण्याचं आहे आणि ते तयार टाकी घेतली तरी तेवढंच. माशांच्या घाणीतनं अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्याचा नायट्रेट, आणि हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला महिना दीड महिना जातो. लोक टाकी भरतात, दुसऱ्या दिवशी वीस मासे आणतात आणि आठवड्यात मेले की म्हणतात दुकानदारानं आजारी मासे दिले. ओळखीत कोणाची जुनी चालू टाकी असेल तर तिच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला, काम बरंच लवकर होतंय. तो तुकडा नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीननं जिवाणू मरतात. नळाचं पाणी पण एक दिवस बादलीत शिळं करून किंवा अँटीक्लोरीनचे थेंब घालूनच टाकायचं.

आपल्या गावात अजून एक गोष्ट धरायला पाहिजे, पूर. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी उपसा केंद्रात शिरलं आणि शहराचा नळ बंद पडला, माणसांना प्यायला टँकर, तिथं टाकीचं पाणी कुठनं बदलणार. 2019 ला मी दहा बारा दिवस पाणी बदललंच नाही, खाणं एक दिवसाआड चिमूटभर केलं, लाईट गेली की बॅटरीवरचा एअर पंप लावला, आणि एक पण मासा गेला नाही. चांगला पोसलेला मासा आठवडाभर न खाता राहतो, पण हवा नसली की काही तासांत संपतो. त्यामुळं बॅटरीचा पंप आधी घ्या, शोभेचा किल्ला नंतर.

सकर मासा घेऊ नका, फूटभर वाढतो. आणि पुढंमागं मासे नको झाले तर कोणाला तरी द्या, रंकाळा तलावात सोडू नका हे मनापासून सांगतो.

माझं ऐकाल तर साडेतीन फुटीची काच लगेच सांगू नका. काचवाल्याकडं 5 एमएमचे उरलेले तुकडे पडलेले असतात, त्यातनं एक फुटाची छोटी टाकी आधी करा. टेप कशी लावायची, सिलिकॉन किती ओढायचं, हे सगळं तिच्यावर हाताला बसतंय, आणि ती आठवडाभर कोरडी राहिली की मोठीला हात घाला. नाहीच जमलं तर ऑर्डरची टाकी घ्या, नुकसान तुकड्यांपुरतंच. जमली तर ती छोटी पुढं रोज कामाला येते. नवीन आणलेला मासा मोठ्या टाकीत सोडायच्या आधी दोन तीन आठवडे वेगळा ठेवायला लागतो, पांढरे ठिपके बिपके नाहीत ना बघायला. माझ्या एक फुटीत आत्ता सहा निऑन टेट्रा आहेत, रविवारी त्यांचे तीन आठवडे होतायत.