डोळ्यांखालचा फुगवटा आणि चोविसावे वर्ष

प्रश्न : माझे वय २४ वर्षे आहे. शाळेत असल्यापासून माझ्या डोळ्यांखाली फुगवटा आहे आणि त्याच्या खालून, नाकाच्या बाजूने गालाकडे उतरणारी एक खोलगट रेघ दिसते. वडिलांचे डोळे अगदी असेच आहेत. आठ तास झोप झाली तरी कार्यालयात कोणी ना कोणी ‘बरे वाटत नाही का?’ असे विचारतेच. क्रीम, बर्फाचा शेक, जागरण टाळणे, सारे करून झाले. एका दवाखान्यात पापणीच्या आतून चरबी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवली. ‘अर्ध्या तासाचे काम, व्रणही दिसणार नाही’ असे सांगितले. दुसरीकडे आधी फिलर, म्हणजे सुईने त्वचेखाली भरायचे जेल, घेऊन पाहा, म्हणाले. आईच्या मते हे नसते खूळ आहे. या वयात ही शस्त्रक्रिया करणे योग्य ठरेल का? फुगवटा पुन्हा येतो का? आणि डोळ्याला धोका किती?

उत्तर : आपल्या वयाची मला फारशी अडचण वाटत नाही. डोळ्याचा गोल खोबणीत चरबीच्या गादीवर टेकलेला असतो. खालच्या पापणीमागे या चरबीचे तीन कप्पे असतात आणि एक पातळ पडदा त्यांना आत धरून ठेवतो. उतारवयात हा पडदा सैल पडतो. काही घराण्यांत मात्र तो मुळातच नाजूक असतो किंवा चरबी अधिक असते, आणि मग विशीतच ती पुढे डोकावू लागते. हा फुगवटा त्वचा, स्नायू आणि पडदा या तिन्हींच्या मागे असल्यामुळे क्रीम आणि बर्फ तेथवर पोहोचतच नाहीत. तेव्हा आपली तक्रार खूळ नव्हे, हे आईंना जरूर सांगावे. मात्र ‘अर्ध्या तासाचे काम’ हे वर्णनही मला मान्य नाही.

डोळ्यांखाली जे ‘वाईट’ दिसते ते एकच नसते, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. पुढे आलेली चरबी, तिच्या खालची खळगी आणि त्वचेचा काळसरपणा ही तीन वेगळी दुखणी आहेत. शस्त्रक्रिया पहिल्यावर चालते, दुसऱ्यावर काही अंशी चालते आणि तिसऱ्यावर जवळजवळ मुळीच नाही. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांच्या हातात मी आधी आरसा देतो आणि खोलीतला वरचा दिवा मालवून समोरून, डोळ्यांच्या पातळीवर, टॉर्च धरतो. अनेकांची ‘काळी वर्तुळे’ त्या क्षणी निम्म्याने नाहीशी होतात, कारण ती वर्तुळे नसून वरून येणाऱ्या प्रकाशात फुगवट्याने पाडलेली सावली असते. मग मी त्यांना मान न हलवता छताकडे पाहायला सांगतो. चरबीचा फुगवटा वर पाहताना अधिक ठळक होतो आणि खाली पाहताना बसतो. शेवटी त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणली असता रंगद्रव्याचा काळसरपणा जागच्या जागी राहतो, सावली मात्र पुसट होते. हे सारे आपण घरीही करून पाहू शकता. हसताना पापणीच्या केसांलगत जो बारीक गोलसर उंचवटा येतो, तो स्नायूचा असून अगदी निरोगी आहे. त्याला फुगवटा समजून तो कापायला निघालेले लोकही मी पाहिले आहेत.

फुगवटा सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असेल, तर तेथे चरबीपेक्षा पाणी साठत असण्याचा संभव अधिक. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्यांना तो होतो, आणि मूत्रपिंडाच्या विकारातही होतो. तो अलीकडे वाढला असेल, एका बाजूला अधिक असेल किंवा डोळे पुढे आल्यासारखे वाटत असतील, तर थायरॉइडची तपासणी झाल्याखेरीज कोणीही शस्त्राला हात लावू नये. आपला फुगवटा शाळेपासून आहे, झोपेने बदलत नाही आणि वडिलांनाही आहे. पत्रावरून तरी तो आनुवंशिक चरबीचाच दिसतो.

आता शस्त्रक्रियेविषयी. पापणी उलटवून आतल्या गुलाबी अस्तरातून चरबीपर्यंत जाण्याची पद्धत फ्रेंच शल्यविशारद जुलियां बुर्गे यांनी १९२४ मध्ये मांडली. तरुणांसाठी ती योग्य ठरते, कारण त्यांची त्वचा घट्ट असते आणि ती कापण्याची गरज नसते. बाहेर व्रण राहत नाही हे आपणास सांगितले गेले, ते खरेच आहे. परंतु व्रण दिसत नाही म्हणून आतले काम सोपे ठरत नाही. नाकाकडचा आणि मधला अशा दोन कप्प्यांच्या मधोमध डोळा फिरवणारा एक स्नायू जातो आणि त्याला इजा झाल्यास एकाचे दोन दिसू लागतात. म्हणूनच हे काम पापण्यांच्या शस्त्रक्रियांचे खास प्रशिक्षण घेतलेल्या नेत्रशल्यविशारदाने किंवा प्लास्टिक सर्जनने करावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न चरबी किती काढायची हा आहे. वय वाढते तशी चेहऱ्यावरची आणि खोबणीभोवतीची भर ओसरत जाते. चोविसाव्या वर्षी कप्पे रिकामे केले, तर वर्षभर चेहरा छान दिसतो. पुढे चाळिशी-पंचेचाळिशीत डोळे आत गेलेले, आजारी दिसू लागतात, आणि काढलेली चरबी परत बसवणे हे काढण्यापेक्षा पुष्कळ अवघड असते. त्यामुळे गेल्या काही दशकांत अनेक शल्यविशारद चरबी काढून टाकण्याऐवजी ती खोबणीच्या कडेवरून खाली सरकवून खळगीत बसवतात. आपल्याकडे फुगवटा आणि त्याखाली रेघ अशी दोन्ही आहेत, म्हणून मला ही पद्धत आपल्यासाठी अधिक सयुक्तिक वाटते. ‘चरबी काढून टाकू’ एवढेच म्हणणाऱ्या डॉक्टरांना ‘किती ठेवणार?’ असे विचारावे आणि उत्तर नीट ऐकावे.

फिलरबद्दल थोडक्यात. हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर खळगी भरते, फुगवटा कमी करीत नाही. केवळ खळगी असेल तर ते उपयोगी पडते. फुगवटा मोठा असताना दिले तर सारा भागच सुजल्यासारखा दिसतो, आणि पातळ त्वचेखाली उथळ पडले तर निळसर छटा येते. ते एका विकराने (एन्झाइमने) विरघळवता येते ही त्याची जमेची बाजू. मात्र फिलर रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टी जाण्याचा क्वचित पण खरा धोका असतो. सुई म्हणजे निर्धोक, ही समजूत सोडून द्यावी.

आता धोक्यांकडे वळतो. काळेनिळेपणा आणि सूज बहुतेकांना येते, दोन आठवड्यांत बरीचशी ओसरते, तरी अंतिम रूप ठरायला तीन ते सहा महिने लागतात. काहींच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे अस्तर सुजून जेलीसारखे दिसते आणि ते बसायला आठवडे लागतात. डोळ्यांचा कोरडेपणा वाढू शकतो. तो आधीपासून असेल किंवा चष्म्याचा नंबर घालवण्याची लॅसिक शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर थांबणेच शहाणपणाचे. खालची पापणी किंचित ओढली जाऊन बुबुळाखाली पांढरा भाग दिसू लागणे हे त्वचेतून केलेल्या शस्त्रक्रियेत अधिक आढळते, आतून केलेल्या शस्त्रक्रियेत कमी. गालाचे हाड मागे आणि डोळा पुढे अशी ठेवण असणाऱ्यांना याचा धोका वाढतो. बाजूने काढलेल्या छायाचित्रात ती सहज ओळखू येते. सर्वांत गंभीर धोका डोळ्यामागे रक्तस्राव होण्याचा. पापण्यांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेत तो साधारण दोन हजारांत एकाला होतो, आणि त्यातून दृष्टी कायमची जाणे त्याहूनही विरळ. पण पहिल्या रात्री एका डोळ्यात वाढती तीव्र वेदना, ताण आणि अंधुकपणा जाणवला, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. म्हणून त्या रात्री फोन कोण उचलणार, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून ठेवावे. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे आणि माशांच्या तेलाच्या किंवा ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर तसे आधी सांगावे. कोणते केव्हा बंद करायचे, ते डॉक्टरच ठरवतील. धूम्रपान मात्र बंदच हवे.

फुगवटा पुन्हा येतो का? काढलेली चरबी सहसा परत येत नाही आणि परिणाम अनेक वर्षे टिकतो. पण उरलेली चरबी, पडदा आणि त्वचा आपल्यासोबत वाढत्या वयाकडे जातच राहतात. रंगद्रव्यामुळे आलेला काळेपणा शस्त्रक्रियेनंतर तेवढाच राहील, हेही आताच मनाशी धरावे.

एक प्रश्न मी प्रत्येक तरुणाला विचारतो, तोच आपणासही विचारतो : दिवसातून किती वेळ आपण या फुगवट्याचा विचार करता? कोणी बोलले तेवढ्यापुरते वाईट वाटत असेल, तर ते स्वाभाविक आहे. परंतु तास-तास आरशासमोर किंवा सेल्फी मोठी करून पाहण्यात जात असतील, लोकांत मिसळणे टळत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे; त्या अस्वस्थतेत शस्त्रक्रियेनंतरही समाधान सहसा मिळत नाही, नजर दुसऱ्याच एखाद्या दोषावर जाऊन बसते.

वैद्यकीयदृष्ट्या ही शस्त्रक्रिया घाईची नाही. एका वर्षाने केली तरी काही बिघडत नाही आणि कधीच केली नाही तरी डोळ्याला इजा नाही. करायचीच झाल्यास दोन वेगळ्या तज्ज्ञांची मते घ्यावीत आणि तपासणीला जाताना वडिलांची तिशीतली, चाळिशीतली व आताची, अशी छायाचित्रे सोबत न्यावीत. त्यांचे डोळे पुढे खोल गेले असतील, तर आपल्या बाबतीत चरबी काढताना हात आखडता घ्यावा. फुगवटा तसाच राहिला किंवा वाढला असेल, तर थोडी चरबी काढण्यास वाव आहे.