बेसबॉल कळत नाही, तरी स्टेडियम बघायला जावं का?

उन्हाळा जवळ आला की मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांच्या मेल्स वाढतात, आणि या वेळी गंमत म्हणजे बऱ्याच जणांचा प्रश्न एकच, बेसबॉलच्या स्टेडियमचा. म्हणून या महिन्याचं सदर त्यावरच काढून टाकतेय. इन्शुरन्सवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरा.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं जूनमध्ये मुलीकडे बॉस्टनला चाललोय. जावई बेसबॉलवेडा आहे, फेनवे पार्कची टूर करूच म्हणून घोषा लावलाय त्याने. आम्हाला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. बॉस्टनसाठी जेमतेम तीन दिवस, त्यात हार्वर्ड, बंदर, फ्रीडम ट्रेलची ऐतिहासिक पायवाट सगळं बसवायचंय. रिकामं मैदान बघण्यात अर्धा दिवस घालवायचा का? जावयाला नाही म्हणणंही बरं दिसत नाही.

उत्तर : नाही म्हणू नका आणि अर्धा दिवस जात पण नाही. टूर तासाभराची असते. फ्रीडम ट्रेल जिथून सुरू होते ना, बॉस्टन कॉमन, तिथल्या पार्क स्ट्रीट स्टेशनवरून ग्रीन लाइन पकडायची, केनमोअरला उतरायचं आणि पाच-दहा मिनिटं चालायचं, की आलंच. सकाळची टूर केलीत तर जेवायच्या आधी मोकळे.

मी पण पहिल्यांदा गेले ती नवऱ्याच्या हट्टापायी, तोंड वाकडं करूनच. तासाभराने बाहेर आले तेव्हा तो कंटाळला होता आणि मीच गाइडला प्रश्न विचारत उभी होते. कारण काय, की ती टूर खेळाची नसतेच मुळी. ती एका जुन्या वाड्याची असते, ज्यात प्रत्येक खिळ्यामागे काहीतरी भानगड आहे. फेनवे उघडलं २० एप्रिल १९१२ ला, टायटॅनिक बुडाली त्याच्या पाचच दिवसांनी, त्यामुळे उद्घाटनाची बातमी बिचारी मागेच पडली. बेसबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगची जेवढी मैदानं आज चालू आहेत त्यात हे सगळ्यात जुनं.

आता तिथली ती हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर म्हणतात तिला. क्रिकेटची सवय असलेल्या माणसाला पहिला धक्का तिथेच बसतो. मैदान वाकडं आहे हो! डावीकडची बाउंड्री होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, फक्त ३१० फुटांवर, कारण तिच्या पलीकडे लॅन्सडाउन स्ट्रीट आहे आणि रस्ता काही सरकणार नव्हता. मग जागा नाही तर उंची घ्या, आणि रस्त्यावरून फुकटात मॅच बघणाऱ्यांची पण सोय बंद करा, म्हणून ही ३७ फूट २ इंच उंच भिंत. आधी तिच्यावर जाहिराती असायच्या, हिरवा रंग १९४७ मध्ये लागला. जवळून बघितलीत तर बॉल लागून लागून पडलेले पोचे दिसतात, कढईच्या बुडाला असतात ना तसे. भिंतीवर एक शिडी पण आहे. पूर्वी वरच्या जाळीत अडकलेले बॉल काढायला माणूस त्या शिडीने चढायचा, २००३ मध्ये जाळी काढून तिथे खुर्च्या टाकल्या, शिडीला आता काही काम नाही पण ती तशीच आहे.

भिंतीच्या पायथ्याला स्कोअरबोर्ड आहे तो अजून हाताने चालतो. म्हणजे आत माणसं बसलेली असतात, भिंतीच्या पोटात, एका चिंचोळ्या खोलीत, आणि फटीतून मॅच बघत बघत आकड्यांच्या पाट्या बदलत राहतात. आत टॉयलेट नाही. उन्हाळ्यात भट्टी, एप्रिलमध्ये गारठा, आणि आतल्या भिंती वर्षानुवर्षांच्या खेळाडूंच्या सह्यांनी भरलेल्या. बोर्डावर ज्या उभ्या पांढऱ्या रेघा आहेत त्यात बारीक ठिपके-रेघा दिसतील, तो मोर्स कोड आहे, जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांची बायको जीन यांची आद्याक्षरं. हे गाइड सांगायच्या आधी तुम्ही जावयाला सांगा, भाव वाढेल.

पण माझं आवडतं ठिकाण म्हणजे उजव्या बाजूच्या लांबच्या स्टँडमधली लाल खुर्ची. त्या स्टँडमध्ये हिरव्याच हिरव्या खुर्च्या आणि मधेच वर कुठेतरी एकच लाल, दुरून कुंकवाच्या टिकलीएवढी. सेक्शन ४२, रांग ३७, सीट २१. ९ जून १९४६ ला बॉस्टनच्या टेड विल्यम्सने मारलेला बॉल तिथे पडला, ५०२ फूट, म्हणजे आपल्या हिशोबात १५३ मीटर. आणि पडला कुठे तर गवताची हॅट घालून बसलेल्या एका प्रेक्षकाच्या डोक्यावर, हॅटला भोक पाडून. बिचाऱ्याच्या डोळ्यावर ऊन येत होतं म्हणे, बॉल दिसलाच नाही. तेव्हा तिथे नुसते बाक होते, लाल खुर्ची १९८४ मध्ये बसवली. एवढ्या लांब बॉल खरंच जातो का यावर वाद घालणारे आहेतच. तुम्ही होम प्लेटच्या मागे उभे राहून त्या खुर्चीकडे एकदा बघा आणि मग ठरवा. मी बघितलं आणि माझा काही विश्वास बसला नाही.

प्रश्न : टूर की मॅच? दोन्हीचा खर्च नको आणि वेळ पण नाही. मॅच बघितली तर स्टेडियम आपोआप बघून होतंच ना?

उत्तर : होतं आणि नाही पण. मॅचच्या दिवशी तुम्ही तुमच्या खुर्चीला चिकटता. भिंतीवरच्या सीट्स, प्रेस बॉक्स, असल्या जागी साध्या तिकिटावर जाता येत नाही. टूरमध्ये तिथपर्यंत नेतात, मात्र नेमकं काय दाखवतील ते त्या दिवसावर असतं. गवताला मात्र कोणी पाय लावू देत नाही, मैदानाच्या कडेने मातीचा पट्टा असतो तिथपर्यंतच, आणि तेही नशिबात असलं तर.

उलट जिवंतपणा मॅचलाच. माझं स्पष्ट मत असं की जुनं मैदान असेल तर टूर करा, नवीन असेल तर टूरचे पैसे वाचवून मॅचचं स्वस्तातलं तिकीट काढा. नवीन स्टेडियमच्या टूरमध्ये बराच वेळ लाउंज आणि भारीतले बॉक्स दाखवण्यात जातो, चकाचक असतं सगळं पण हॉटेलची लॉबी बघितल्यासारखं वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोचं याला अपवाद, ते २००० सालचं असलं तरी उजव्या भिंतीपलीकडे सरळ खाडीचं पाणी आहे, आणि मॅचच्या वेळी लोक छोट्या होड्या घेऊन होम रनचा (आपला सिक्सर म्हणा) बॉल पाण्यात पडायची वाट बघत बसलेले असतात. पण ती मजा मॅचचीच झाली, टूरची नव्हे!

मॅचला किती वेळ लागेल ही भीती असेल तर २०२३ पासून पिचरला, म्हणजे इथल्या बोलरला, घड्याळ लावलंय, इतक्या सेकंदात बॉल टाकायचाच, त्यामुळे आता पावणेतीन तासांच्या आसपास आटपतं. पण ड्रॉ नावाचा प्रकार नाही, बरोबरी झाली की इनिंग वाढत जातात, शेवटच्या ट्रेनची वेळ बघून ठेवा.

समजायला फार लागत नाही हो. पिचर टप्पा न पाडता बॉल टाकतो, बॅट फिरवून हुकली किंवा नीट आलेला बॉल सोडला की स्ट्राइक, असे तीन झाले की बॅटर आउट, चार बॉल बाहेर टाकले तर तो फुकट पहिल्या बेसवर जातो. बेस म्हणजे धावत गाठायची ठाणी, सगळी फिरून होम प्लेटला परत आलं की एक रन. समोरच्या पाव भागातच मारायचं, मागे किंवा बाजूला गेला तर फाउल, म्हणजे आपला सुंदर लेट कट इथे फुकट. तीन आउट झाले की टीम बदलली, असं नऊ वेळा. एवढ्यावर पहिली मॅच निघते.

प्रश्न : मागच्या वर्षी बॉस्टनला भर दुपारी स्टेडियमवर पोहोचलो तर टूर बंद, आणि पाठीवरच्या सॅकमुळे संध्याकाळच्या मॅचला पण गेटवर अडवलं. हे नियम आधी कोणी का सांगत नाही?

उत्तर : सांगतात, तिकिटाच्या खाली बारीक अक्षरात, जे आपण कोणीच वाचत नाही. मी पण सॅक घेऊन गेलेली आहे, सांगायला लाज नाही. मॅचच्या दिवशी शेवटची टूर मॅचच्या काही तास आधीच संपवतात कारण खेळाडू सरावाला येतात. त्यामुळे वेळापत्रक बघून, टीम गावाबाहेर खेळत असेल असा दिवस पकडा. सीझनमध्ये १६२ मॅचेस, त्यातल्या निम्म्या, ८१, घरच्या मैदानावर, म्हणजे बाहेरगावचे दिवस भरपूर मिळतात. सॅक हॉटेलवरच ठेवायची, बाकी पर्सचं माप साइटवर बघून घ्या.

प्रश्न : आमच्या चिरंजीवांना (वय ११) बॉल घरी आणायचाय. प्रेक्षकात आलेला बॉल परत द्यावा लागतो का? आम्ही शिकागोला रिग्ली फील्डला जाणार आहोत.

उत्तर : नाही! चिरंजीवांना सांगा हातात आला तो आपला. क्रिकेटमध्ये तो परत फेकायचा असतो कारण जुना होत जाणारा बॉल हाच खेळ, इथे मात्र जरा मातीला घासला गेला तरी बाद करून नवा घेतात. आणि नवा म्हणजे अगदी कोरा पण नाही बरं का, कोरा फार गुळगुळीत असतो, पिचरच्या हातातून सटकतो, म्हणून प्रत्येक बॉलला मॅचआधी डेलावेअर नदीकाठचा एक खास चिखल चोळतात. एवढी कोट्यवधी डॉलर्सची लीग आणि चिखल चोळायला माणूस. मला ही गोष्ट फार आवडते.

बॉल मिळायची शक्यता मात्र बेताचीच. होम प्लेटच्या मागे आणि दोन्ही डगआउटच्या पलीकडेपर्यंत जाळी असते. लवकर जा, सराव चालू असताना बाउंड्रीच्या भिंतीपाशी हातमोजा घालून उभं राहायचं, खेळाडू कधी कधी पोरांकडे बॉल टाकतात. फक्त मॅच चालू असताना भिंतीवरून वाकून मैदानातला बॉल उचलायचा नाही, सरळ बाहेर काढतील.

रिग्लीबद्दल एकच सांगते. ते १९१४ चं, आणि त्याच्या विटांच्या भिंतीवर वेल चढवलाय, १९३७ पासून. बॉल वेलीत अडकून गायब झाला की फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. नुसत्या पानांसाठी नियम! पण तुम्ही एप्रिलमध्ये जाणार असाल तर वेल म्हणजे निव्वळ काटक्या दिसतील, हिरवंगार बघायचं तर जूननंतर. तिथे दिव्यांखाली मॅचेस १९८८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्या, तोपर्यंत सगळं दिवसाउजेडी, त्यामुळे जमलं तर दुपारचीच मॅच घ्या. रेड लाइनचं ॲडिसन स्टेशन, उतरलं की समोरच.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात, फेनवेला जिने फार आहेत का? आणि आत बसायला मिळतं का?

उत्तर : चढउतार आहे, काही रॅम्प पण आहेत. बुक करतानाच सांगून ठेवा, म्हणजे जिने टाळून नेतात. बसायला मिळतं, गाइड निम्म्या गोष्टी तुम्हाला ग्रँडस्टँडमध्ये बसवूनच सांगतो. तिथल्या निळ्या लाकडी खुर्च्या १९३४ च्या आहेत, तेव्हाच्या माणसांच्या मापाच्या, त्यामुळे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकणार हे गृहीत धरा. कडेची सीट घ्या, पाय बाहेर सोडता येतात. मॅचचं तिकीट काढणार असाल तर ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ लिहिलेलं घेऊ नका, नाहीतर तीन तास लोखंडी खांब बघत बसाल. आणि सातव्या इनिंगच्या मध्ये अख्खं पब्लिक उठून आळोखेपिळोखे देतं, तशी रीतच आहे, तेव्हा तुम्ही पण उठा, कोणी विचारणार नाही.

प्रश्न : ताई, बॉस्टनला न्यूयॉर्क यांकीजची टोपी घालून गेलं तर चालेल का? मुलाने तीच दिलीय.

उत्तर : यांकीज म्हणजे बॉस्टनचे जुने वैरी. बेब रूथ या नावाजलेल्या खेळाडूला बॉस्टनने त्यांनाच विकलं ते १९१९ च्या डिसेंबरमध्ये, आणि १९१८ नंतर बॉस्टनला पुढची वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकायला २००४ उजाडलं. ८६ वर्षं, आणि लोक त्याला त्या विक्रीचाच शाप म्हणायचे. टूरमध्ये गाइड तुमची चेष्टा करेल आणि ती हसत हसत चालून जाईल. मॅचला मात्र टोपी घरीच ठेवा, ऊन लागलं तर रुमाल बांधा.