कुत्रा लंगडतोय, पंजाच्या गादीला जखम दिसते. घरी काय करता येईल?

तुमचा लॅब्राडोर दोन दिवस पुढचा उजवा पाय टेकत नाही, सारखा पंजा चाटतो आणि गादीवर कातडीचा तुकडा लोंबतोय, असं तुम्ही लिहिलंय. दोन दिवस पाय टेकतच नसेल तर डॉक्टरांकडे न्याच, हे आधीच सांगते. मी स्वतः डॉक्टर नाही. घरात बंड्या नावाचा नऊ वर्षांचा गावठी कुत्रा आहे, आणि त्याचे पंजे बघण्यात माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्यात.

नेण्याआधी नीट बघून घ्या. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने टॉर्च. दुखऱ्या पायाला हात लावला की गरीब कुत्राही चावतो, तेव्हा जपून. आधी बाकीचे तीन पाय बघा. गाद्या एकाहून जास्त पायांना सोललेल्या, लालसर किंवा फोड आलेल्या दिसल्या तर बहुतेक तापलेल्या डांबराने भाजलंय. एकाच पायाला असेल तर काच, काटा, पत्रा असलं काहीतरी. काळ्या गादीवर लाली कळत नाही, दुसऱ्या पायाच्या गादीशी ताडून बघा.

मग बोटं फाकवून आत बघा. बहुतेक लोक गादी बघतात आणि थांबतात. बंड्या एकदा असाच लंगडत होता. गादी ठणठणीत, आणि दोन बोटांच्या मधे टम्म फुगलेली गोचीड! दुसऱ्या वेळी मात्र प्रकरण लांबलं. दिवाळीनंतर टेकडीवरचं गवत वाळतं तेव्हाची गोष्ट. बोटांमधे वाटाण्याएवढी गाठ आली, फुटली, सुकली. मी निश्चिंत. आठवड्याभरात पुन्हा तिथेच गाठ, तिला बारीक भोक आणि त्यातून पाणी. डॉक्टरांनी छेद घेतला तर आत कुसळ. आपल्या साडीत अडकतं तेच. त्याची लव एकाच दिशेला असते, म्हणून ते शिरलं की मागे येत नाही, पुढेच सरकत जातं. बोटांमधली गाठ बरी होऊन पुन्हा आली तर मलम लावत बसू नका.

आता जखम. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, पाचेक मिनिटं, मधे उचलून न बघता. दहा मिनिटांनीही थांबलं नाही तर तसंच दाबून घेऊन निघा. रक्त नसेल तर सलाईनने किंवा उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुवा, मग बीटाडीनचं द्रावण पाण्यात फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून त्याने. वर दिसणारा काटा चिमट्याने सरळ ओढून काढा. खोल रुतलेली काच घरी उपसू नका. लोंबणारी कातडीही ओढू नका, ती किती कापायची हे डॉक्टर ठरवतील.

हळदीची पूड दाबून भरू नका. आजी रागावेल, पण ती आत कडक होते आणि डॉक्टरांना आधी तीच खरवडावी लागते. डेटॉल नको. आणि आपली दुखण्याची गोळी तर अजिबात नको. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात.

पट्टीत माझी चूक झाली होती, म्हणून जरा सविस्तर. मी क्रेप बँडेज आवळून बांधलं, सुटू नये म्हणून. सकाळी बोटं सुजून गार पडली होती. तेव्हापासून मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवते. ती सुजली किंवा दोन नखं एकमेकांपासून फाकली की पट्टी लगेच सोडायची. जखमेवर न चिकटणारा गॉझ, बोटांच्या फटीत थोडा कापूस, वर सैलसर बँडेज. रोज बदला, भिजली की लगेच. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात, तेव्हा ओली पट्टी ‘उद्या बघू’ म्हणून सोडू नका. चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा शंकूसारखा कोन घाला. तोंड पाडून बसेल, बसू दे.

गादी भरायला वेळ लागतो, कारण पाऊल टाकलं की ती दाबून पसरते आणि कड पुन्हा उघडते. टाकेही त्यामुळेच सुटतात. वरवरची जखम असेल तरी एक-दोन आठवडे धरून चला आणि तोवर फिरणं शी-शूपुरतंच. बाहेर नेताना पंजावर दुधाची धुतलेली पिशवी सैल बांधा आणि घरी आल्या आल्या काढा, नाहीतर आत ओल धरते. तापलेला रस्ता असेल तर आपल्या हाताची मागची बाजू त्यावर ठेवून बघा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्यालाही चालवू नका. आम्ही एप्रिल-मेमधे सकाळी सातच्या आत उरकतो, संध्याकाळी अंधार पडल्यावर.