टोकियोत पहिल्यांदाच बर्गर खाणार असाल तर

पहिल्या आठवड्यात सरळ मॉस बर्गर गाठा. १९७२ साली सुरू झालेली ही जपानी साखळी ऑर्डर दिल्यावरच बर्गर बनवते, त्यामुळे थोडं थांबावं लागतं. सुरुवात तेरियाकी, म्हणजे गोडसर सोया सॉसच्या बर्गरने करा. पावाऐवजी भाताच्या दोन चकत्यांत सारण भरलेला राईस बर्गरही त्यांचाच, १९८७चा. तो गरम असतानाच खा, गार झाला की भात सुटतो. माझ्या मते टोकियोत येऊन हा चुकवू नये.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ‘हांबागा’ म्हणजे बर्गर. ‘हांबागु’ म्हणजे पावाशिवायची खिम्याची टिक्की, बहुधा गाय-डुकराच्या मिश्र मांसाची.
- गोमांस खात नसाल तर ‘ग्यूदोन’, म्हणजे गोमांस घातलेला भाताचा वाडगा, नको. ‘ग्यू’ म्हणजे गायच. ‘एबी’, म्हणजे कोळंबीचा बर्गर मागा.
- बऱ्याच स्वस्त खानावळींत दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे, मग जागा. सुटे येन जवळ ठेवा.
- टिप ठेवू नका. बर्गरच्या दुकानात ट्रे आपणच उचलायचा.

शुद्ध शाकाहारी असाल तर आधी विचारूनच घ्या, कारण सॉसमध्येही मासळीचा अर्क असू शकतो.

गल्लीबोळांतल्या महागड्या बर्गरवाल्यांचं पुढे बघू. आधी एवढं खाऊन या आणि काय आवडलं ते सांगा.