पट्ट्या कधी मिळतात?

ग्वाल्हेरात महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून मिराज लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की मान आपोआप वर जाते. त्यामुळेच एनसीसीच्या एअर विंगमध्ये (हवाई शाखेत) आलीस ना? मग पहिल्याच महिन्यात पट्ट्यांची, म्हणजे रँकची, चिंता नको, ताई म्हणून सांगते.

क्रम असा: कॅडेट, मग लीडिंग फ्लाइट कॅडेट, कार्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर, अंडर ऑफिसर आणि सर्वांत वर सीनियर अंडर ऑफिसर. वर्ष सरलं म्हणून कोणी आपोआप वर चढत नाही. जागा मोजक्या असतात, शेवटच्या तर अगदी एक-दोन. हजेरी, शिबिरं, ड्रिल आणि शिस्त बघून निवड होते. हजेरी 75 टक्क्यांखाली गेली तर एनसीसीच्या 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्र परीक्षेलाही बसता येत नाही, हे आधी लक्षात ठेव.

मला सर्वांत जड गेलं ते हुकूम देणं. बाड्याच्या बाजारातल्या गर्दीत भाजीवाल्याशी घासाघीस करणारी मी, मैदानावर मात्र 'सावधान' म्हणताना आवाज घशातच अडकायचा. आवाज छातीतून काढ, पोटातून जोर लाव. रोज संध्याकाळी गच्चीवर दहा मिनिटं सराव कर. शेजारच्या काकू हसतील, हसू देत.

एअरोमॉडेलिंगला, म्हणजे छोटी विमानं बनवून उडवायला, नाव दे. एअर विंगच्या वायुसैनिक शिबिराच्या निवडीत ते उपयोगी पडतं, आणि त्यासाठीचं बाल्साचं हलकं लाकूड घासताना विमान का तरंगतं ते हातांना कळतं.

आणि हो, गणवेशाची इस्त्री आदल्या रात्रीच करून ठेव. सकाळी वीज गेली की संपलं.