दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याआधी सासऱ्यांचं वागणं लिहून काढा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. सासरे 74 वर्षांचे, विसरणं वाढलंय, रात्री झोपेत ओरडतात, कपाटापाशी एक बाई उभी असते म्हणतात आणि पेन्शनचे पैसे सुनेने उचलले असा आळ घेतात. डॉक्टरांनी स्मृतीची चाचणी घेतली, 30 पैकी 23 आले, ‘वयोमानाने होतं’ म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून दिली. आता दुसरीकडे दाखवायचंय, तर तिथे नेमकं काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या नानांचं, म्हणजे वडिलांचं, बरंचसं असंच होतं. मी डॉक्टर नाही. बँकेत नोकरी केली आणि नानांना सांभाळलं, एवढाच माझा अधिकार. कुठली गोळी द्यावी हे मी सांगणार नाही, आणि इथे दुसरं कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

फाइल कशी लावायची, रक्ताच्या कोणत्या तपासण्या न्यायच्या हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल, ते सोडते.

त्या 23 गुणांनी ना घाबरू नका, ना निर्धास्त होऊ नका. त्या चाचणीत तारीख-वार विचारतात, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, एक आकृती काढून घेतात. रात्री काय होतं, कोण दिसतं, कोणावर संशय आहे, यावर त्यात एकही प्रश्न नाही. तुमच्या घरात झोप उडाली आहे ती नेमकी या न विचारलेल्या गोष्टींमुळे.

वागणुकीसाठी वेगळी प्रश्नावली असते. न्यूरोसायकियाट्रिक इन्व्हेंटरी, डॉक्टर लोक नुसतं ‘एनपीआय’ म्हणतात. जेफ्री कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये ती प्रसिद्ध केली. आधी दहा प्रकार होते, पुढे झोप आणि भूक धरून बारा झाले: खोटा संशय, भास, आक्रमकपणा, उदासी, घबराट, अवाजवी आनंद, निरुत्साह, ताळतंत्र सुटणं, चिडचिड, उगाच येरझारा किंवा तेच तेच करत राहणं, आणि ही शेवटची दोन. प्रत्येकाला गेल्या महिन्यात किती वेळा घडलं याचे 1 ते 4, किती तीव्र याचे 1 ते 3, आणि दोन्हींचा गुणाकार. शिवाय सांभाळणाऱ्याला किती त्रास झाला याचे 0 ते 5 वेगळे. हो, तुमच्या त्रासालाही रकाना आहे! आमच्याकडे आईला पहिल्यांदा कोणी ते विचारलं तेव्हा तिला बोलताच येईना.

माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या: एकूण बेरीज ऐकून घरी येऊ नका. भास आणि संशय या दोनच गोष्टींचे पुरे बारा-बारा झाले तरी बेरीज 24, आणि आठ बारीकसारीक गोष्टींचे तीन-तीन झाले तरी 24. दोन्ही घरांत करायचे उपाय एकदम वेगळे. कोणत्या रकान्यात किती, ते मागून घ्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. एका रात्री नाना झोपेत ओरडत उठले आणि आईला हाताचा फटका बसला. भाऊ घाबरला, आम्ही त्यांना एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेलं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तिथे केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘स्मृतिभ्रंश, आक्रमक’. बस. तो फटका झोपेत बसला की जागेपणी, कोणी विचारलं नाही. नानांना संध्याकाळी अंगणात लहान मुलं बसलेली दिसायची, ‘त्यांना खायला द्या’ म्हणायचे, ते आम्ही सांगत होतो तर ‘नंतर बोलू’. चालताना पाय घासतात हे तर समोर दिसत होतं. दिवसभर लघवी झाली नव्हती, पोट टम्म होतं, तेही सकाळी लक्षात आलं. जे काही थोडंफार विचारलं ते नानांच्या देखत, मोठ्या आवाजात, ‘घरच्यांना मारता का?’ म्हणून. ते आणखी बिथरले आणि मग शांत करायला हॅलोपेरिडॉलचं (भास-संशय आणि बिथरणं यांवर देतात त्या अँटिसायकॉटिक गटातलं जुनं औषध) इंजेक्शन दिलं गेलं.

दोन दिवसांत नाना लाकडासारखे ताठ झाले. घास गिळेना, लाळ गळायला लागली. चालत गेलेला माणूस स्ट्रेचरवरून घरी आला आणि डिस्चार्ज देताना सांगितलं गेलं, ‘आजार वाढलाय’. नंतर तक्रारीचा अर्ज घेऊन गेले तर या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी एकजण म्हणाला, ‘मॅडम, वय पण बघा ना.’ असो. यावर मी बोलायला लागले की थांबत नाही.

पुढे ज्या न्यूरॉलॉजिस्टनी नानांना पाहिलं त्यांनी आईला वेगळ्या खोलीत बसवून तासभर विचारलं. झोपेत हातपाय झाडणं कधीपासून? (विसरण्याच्या कितीतरी आधीपासून, आणि आम्ही हसायचो त्यावर.) दिसणारी माणसं स्पष्ट दिसतात का? एक दिवस शुद्धीत आणि दुसऱ्या दिवशी हरवल्यासारखं, असं होतं का? अंगात ताठरपणा आहे का? चारही उत्तरं हो. ल्यूई बॉडी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच (डिमेन्शियाचा) एक वेगळा प्रकार, असं निदान झालं. या आजारात हॅलोपेरिडॉलसारखी औषधं जीवघेणी ठरू शकतात. तसं तर कुठल्याही डिमेन्शियातल्या वृद्धांना या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये नव्या औषधांसाठी आणि 2008 मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांसाठी दिलेला आहे. ही औषधं कधीच देत नाहीत असं नाही. कधीकधी द्यावी लागतात, पण आजार ओळखून, थोड्या प्रमाणात, लक्ष ठेवून. तुमच्या सासऱ्यांना ल्यूई बॉडीच आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पैसे चोरल्याचा संशय तर अल्झायमरमध्येही अगदी नेहमीचा. पण झोपेतलं ओरडणं आणि बाई दिसणं या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या सांगा, ‘रात्री त्रास देतात’ या एका वाक्यात गुंडाळू नका.

वही करा. कधी झालं, त्याआधी काय चाललं होतं, त्यांनी नेमकं काय केलं, तुम्ही काय केलंत, कशाने थांबलं. ‘चिडले’ असं लिहू नका, ‘अंघोळीला कपडे काढायला लागल्यावर हात झटकला’ असं लिहा. आमच्या वहीत संध्याकाळचा गोंधळ आणि शौचाला न झालेले दिवस एकाखाली एक दिसले, तेव्हा निम्मं कोडं सुटलं. दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, न बसणारी कवळी, बंद पडलेलं श्रवणयंत्र हे सगळं त्या माणसाला सांगता येत नाही, ते वागण्यातून बाहेर पडतं. आणि एक-दोन दिवसांत अचानक फरक पडला असेल तर वही वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

जे त्रास देत नाही तेही लिहा. दिवसभर खुर्चीत बसणं, नातवंडं आली तरी मान वर न करणं. घरातले म्हणतात ‘बरं झालं, शांत आहेत’. निरुत्साह हे डिमेन्शियातलं फार मोठं लक्षण आहे आणि ते कोणीच सांगत नाही. त्यात दुःख, रडणं, ‘मी कशाला जगू’ असं असेल तर ते उदासीकडे जातं, त्याचे उपाय वेगळे.

सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा. सर्दीच्या आणि लघवीवरच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढतो. आताची झोपेची गोळीही दाखवा, मनाने बंद करू नका. रात्रीचा एखादा छोटा व्हिडिओ असला तर डॉक्टरांना फार मदत होते. फक्त तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका, आमच्याकडे त्यावरून महाभारत झालं होतं.

सोबत तिसरं कोणीतरी न्या, म्हणजे सासरे बाहेर त्यांच्याजवळ बसतील आणि तुम्हाला आत मोकळं बोलता येईल. डॉक्टर त्यांच्यासमोरच विचारायला लागले तर ‘दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ असं स्पष्ट म्हणा. ऐकलं नाही तर वहीचं पान टेबलावर ठेवा.

आणि जमलं तर इथे कळवा: ओरडतात तेव्हा उठवल्यावर लगेच भानावर येतात का, आणि चाल मंदावली आहे का? मला उत्तर देण्यासाठी नको, पण डॉक्टर हे विचारतीलच.